एक प्लांट चालू राहिला

१७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं रसायनीच्या कारखान्याचा निकाल लावला. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स, म्हणजे इथल्या माणसांच्या तोंडी नुसतं ‘एचओसी’. तिचे रसायनीतले प्लांट बंद करायचे, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८ कोटी ८० लाख रुपयांना विकायची, असं ठरलं. त्यातून फक्त एक प्लांट वगळला होता, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत, त्यावरच्या माणसांसकट आणि सुमारे २० एकर जमिनीसह ‘इस्रो’च्या हवाली करायचा होता.

एकाच कुंपणातले हे सगळे प्लांट. एकाच नदीचं पाणी पिणारे, एकाच वसाहतीत राहणाऱ्या माणसांच्या हातांनी चालणारे. मग एक राहिला आणि बाकीचे गेले, असं का झालं? गेल्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या, युरोपातल्या, जपानमधल्या मोठ्या कंपन्यांनी दूरदेशी नेलेलं उत्पादन मायदेशी परत आणायला सुरुवात केली आहे. त्याची कारणं सांगणारं पुष्कळ लिखाण होतं. मला मात्र ती कारणं सगळ्यात स्पष्ट दिसतात ती खालापूर तालुक्याच्या या कडेला, एचओसीच्या वाटचालीत. कारण ज्या हिशेबानं कंपन्या आज घरी परततात, तो हिशेब इथे १९६० साली मांडला गेला होता, मध्ये पुसला गेला, आणि एका प्लांटपुरता मात्र कुणालाच पुसता आला नाही.

रसायनी हे जुनं गाव नाही. मोहोपाडा, वासांबे, चांभार्ली ही इथली गावं. रसायनी हे नाव कारखान्यांनी आणलं आणि ते पुढे रेल्वे स्टेशनच्या पाटीवर चढलं. कारखान्यांच्या आधी आलं पाणी. टाटांनी १९१५ साली खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केलं. घाटमाथ्यावरच्या वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांचं पाणी जाडजूड नळांतून खाली उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि पाताळगंगेत पडतं. पलीकडे कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२ पासून असंच पाणी उल्हास नदीला मिळतं. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, पाणी इथे राहिलं. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटून दगडगोटे दाखवतात, पाताळगंगा मात्र वैशाखातही वाहते. रासायनिक कारखान्याला जितकी कच्च्या मालाची गरज, तितकीच थंड पाण्याची. त्यामुळे हा नदीकाठ कारखानदारांच्या नजरेत भरला, तो काही योगायोगानं नाही.

१२ डिसेंबर १९६० रोजी एचओसीची कंपनी म्हणून नोंदणी झाली. त्या काळात मुंबई-ठाण्यात रंगांचे आणि औषधांचे कारखाने नव्हते असं नाही. त्यातले कित्येक तर परदेशी कंपन्यांचेच होते. पण रंग इथे तयार झाला किंवा गोळी इथे दाबली गेली, तरी त्याच्या पोटातला पदार्थ बोटीनं यायचा. नायट्रोबेन्झिन, ॲनिलिन, क्लोरोबेन्झिन ही नावं दुकानात कुणी घेत नाही, पण कापडाचा रंग, रबरी टायर, कीटकनाशक, तापाची गोळी या सगळ्यांची पाळंमुळं तिथपर्यंत जातात. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या मध्यावर परकीय चलनाची तिजोरी रिकामी व्हायला आली होती आणि प्रत्येक पिंप मोजून आणावं लागत होतं. तेव्हा हे मधले पदार्थ देशातच करायचे असं ठरलं. विचार काही नवा नव्हता. बोरघाट चढून पलीकडे गेलं की तळेगाव लागतं. तिथे पैसा फंडाच्या वर्गणीतून १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला होता. माणशी एक पैसा गोळा करून देशी काच करू पाहणाऱ्या त्या माणसांचा आणि रसायनीच्या आखणीकारांचा धागा एकच आहे असं मी मानतो. मात्र तळेगावच्या माणसांना भट्टी हवी होती, तर इथे शेकडो एकर जमीन, वाफ, हायड्रोजन, आम्ल आणि रेल्वेचं वळण लागणार होतं.

म्हणूनच वेळ लागला. नोंदणी १९६० ची, पण उत्पादन सुरू व्हायला १९७०-७१ उजाडलं. जमिनी गेलेल्या घरांतली मुलं या दहा वर्षांत मोठी झाली.

आत चालायचं काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बेन्झिन घ्यायचं, त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण सोडायचं, की नायट्रोबेन्झिन तयार होतं. कागदावर एका ओळीची ही क्रिया प्रत्यक्षात भयंकर उष्णता फेकते. तापमान हाताबाहेर गेलं तर स्फोट ठरलेला. म्हणून ढवळणं, थंड पाण्याचा प्रवाह आणि आम्ल सोडण्याचा वेग या तिन्हींवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते. पुढे त्या नायट्रोबेन्झिनला हायड्रोजन दिला की ॲनिलिन. नायट्रोबेन्झिनला कडू बदामासारखा वास येतो. ॲनिलिन कातडीतून आत शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी करतं, त्यामुळे माणसाचे ओठ निळसर पडतात. अशा ठिकाणी पाळीवर आलेल्या नव्या माणसाला जुना ऑपरेटर काय काय शिकवतो? पंपाचा आवाज बदलला की काय समजायचं, कुठला व्हॉल्व्ह पावसाळ्यात अडतो, सोबत्याच्या ओठांचा रंग बदलला तर त्याला लगेच उघड्यावर कसं आणायचं. हे कुठल्याही डिझाइनच्या फायलीत नसतं. एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि साखळी तुटली की जातं तिथेच थांबतं.

कारखान्याच्या भोवती कारखाने जमतात. रसायनीत डीडीटी करणारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स आली. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत बॉम्बे डाइंग आली, सिप्ला आली. १९८२ च्या सुमारास रिलायन्सनं ड्यू पॉन्टचं तंत्रज्ञान घेऊन इथे पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू केला. २४ जुलै १९८९ ला नदीनं त्याला गाठलं. पुराचं पाणी आणि गाळ थेट यंत्रांत शिरला. कारखाना पुन्हा उभा राहायला महिनोनमहिने लागतील असा परदेशी जाणकारांचा अंदाज होता. तो २१ दिवसांत चालू झाला, असं कंपनीच्या इतिहासात अभिमानानं सांगितलं जातं. ज्यांनी त्या यंत्रांचा एकेक बोल्ट आवळला होता, तीच माणसं चिखलात उतरली होती. तंत्रज्ञान परदेशी असेल, पण सात वर्षांत ते या हातांचं झालं होतं.

एचओसीनं १९८७-८८ मध्ये कोचीजवळ अंबलमुगलला फिनॉल आणि ॲसिटोनचा मोठा प्रकल्प सुरू केला. कंपनीचा हा भरभराटीचा काळ म्हणता येईल. पुढच्या काही वर्षांत मात्र जमीनच सरकली. १९९१-९२ मध्ये आयातशुल्काचा सर्वोच्च दर १५० टक्के होता. तो उतरत उतरत २००७-०८ पर्यंत १० टक्क्यांवर आला. याच काळात चीनमध्ये प्रचंड आकाराचे प्लांट उभे राहत होते. रसायनांच्या धंद्यात आकार हाच निम्मा नफा असतो. रिअॅक्टर मोठा केला म्हणून त्यावर नजर ठेवणारी माणसं त्या प्रमाणात वाढवावी लागत नाहीत. रसायनीचे प्लांट साठच्या दशकाच्या मापाचे. जुन्या तंत्राला जास्त वाफ लागते, जास्त वीज लागते, आणि तयार मालाचा भाव बोटीनं आलेल्या मालापेक्षा चढा पडतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली पाहिजे. सगळा दोष आयातीवर टाकणं मला पटत नाही. संरक्षणाची भिंत होती त्या वर्षांत प्लांट मोठे करायला, तंत्र बदलायला हवं होतं. सार्वजनिक कंपनीत अशा निर्णयांच्या फायली फिरत राहतात, आणि फाइल फिरते तोवर दुसऱ्या देशातला रिअॅक्टर दुप्पट झालेला असतो. २०११-१२ पासून कंपनी सलग तोट्यात गेली. खेळत्या भांडवलाअभावी प्लांट एकेक करून थांबू लागले, पगारही वेळेवर होईनासे झाले. २०१७ चा निर्णय आला तेव्हा बऱ्याच प्लांटमधली हालचाल आधीच थंडावलेली होती.

नेमक्या याच वर्षांत, जिथून कारखाने बाहेर गेले होते त्या देशांत मात्र उलटा विचार सुरू झाला होता. जनरल इलेक्ट्रिकनं २०१२ मध्ये ‘जिओस्प्रिंग’ नावाचा पाणी तापवायचा बंब चीनमधून काढून अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या आपल्या जुन्या कारखान्यात बनवायला घेतला. अमेरिकी मजुरी चीनच्या कितीतरी पट, तरी तो बंब घरी केल्यावर स्वस्त झाला. कसा? इंजिनिअर आणि जोडणी करणारे कामगार कित्येक वर्षांनी एका टेबलाशी बसले. बंबाच्या आतल्या नळ्यांची गुंतागुंत पाहून जोडणारे म्हणाले, हे असं जोडता येणार नाही. मग आराखडाच बदलला. साहित्याचा खर्च पाव हिश्शानं उतरला, जोडणीला लागणारे दहा तास दोनवर आले, आणि दुकानातली किंमत १५९९ डॉलरवरून १२९९ वर आली. उत्पादन परदेशी गेलं तेव्हा मजुरी वाचली होती हे खरं. पण बनवणारा आराखडेकाराला दोन शब्द सुनावतो, ते सुनावणंही त्याच बोटीत बसून निघून गेलं होतं. कंपन्या परततात तेव्हा त्यांना बरेचदा हेच परत हवं असतं.

बाकीची कारणं हिशेबाची आहेत. यंत्रं जशी वाढतात तसा मालाच्या किमतीतला मजुरीचा वाटा घटतो, आणि तो घटला की स्वस्त मजुरीच्या देशात जाण्याचं कारणही झिजतं. बोटीचं भाडं कधी आकाशाला भिडेल ते सांगता येत नाही. २०२१ मध्ये चाळीस फुटी कंटेनरचं सरासरी भाडं दहा हजार डॉलरच्या वर गेलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस सगळी वाहतूक तुंबली. समुद्रावर असलेला माल म्हणजे अडकून पडलेलं भांडवल. त्यात सरकारं पैसे घेऊन उभी आहेत. जपाननं एप्रिल २०२० मध्ये मायदेशी परतणाऱ्या कारखान्यांसाठी २२० अब्ज येन बाजूला काढले. अर्थात परतणं दरवेळी जमतंच असं नाही. आदिदासनं जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाजवळ यंत्रांनी बूट करणारे कारखाने मोठ्या आशेनं काढले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ते तंत्र व्हिएतनाम आणि चीनमधल्या पुरवठादारांकडे गेलं. बुटाची माहितगार माणसं तोवर तिकडेच तयार झालेली होती. आणि ज्या जनरल इलेक्ट्रिकनं लुइव्हिलला जीव दिला, तिनं २०१६ मध्ये आपला घरगुती उपकरणांचा धंदाच हायर या चिनी कंपनीला विकला.

आता त्या राहिलेल्या प्लांटकडे येतो.

डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हा नायट्रिक आम्लाचा जवळचा नातलग. २१ अंशांनाच उकळणारा, तांबूस वाफा सोडणारा, फुप्फुसांना जाळणारा. रॉकेटमध्ये हायड्रॅझिनवर्गीय इंधनाशी त्याची गाठ पडली की ठिणगीशिवाय पेट घेतो. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन याच जोडीवर चालतं, आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ च्या मधल्या द्रव टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. विकास इंजिनाचा जन्मही सांगण्यासारखा आहे. १९७४ मध्ये फ्रान्सच्या एसईपी या कंपनीशी करार झाला. व्हायकिंग इंजिनाचं तंत्र मिळवण्यासाठी भारतानं मुख्यतः माणसं दिली. आपल्या इंजिनिअरांनी फ्रान्समध्ये मिळून शंभर मनुष्यवर्षांचं काम करून द्यायचं आणि त्या बदल्यात शिकून यायचं, असा तो व्यवहार होता. मला हा भारतीय उद्योगाच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा सौदा वाटतो. शिकलेली माणसं परत आली आणि इंजिन त्यांच्याबरोबर आलं.

पण इंजिनाला रोज लागणारा पदार्थ दुसऱ्याकडून आणायचा म्हटलं, तर तो देणार कोण? क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या, म्हणजे एमटीसीआरच्या यादीत या पदार्थाचं नाव आहे. १९८७ मध्ये सात देशांनी केलेली ही व्यवस्था, भारत तिचा सदस्य झाला तो थेट जून २०१६ मध्ये. मधल्या काळात, १९९२ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाच्या करारावरून अमेरिकेनं इस्रोवर निर्बंध लादले होते. तो अनुभव जमेला असताना, असा पदार्थ उद्या स्वस्त मिळेल या भरवशावर कुणी प्लांट बंद करणार नव्हतं. मंत्रिमंडळाच्या निर्णयातही हे स्पष्ट लिहिलं होतं, की देशात हा पदार्थ मिळण्याचं हे एकमेव ठिकाण आहे.

म्हणजे एकाच बैठकीत दोन हिशेब झाले. नायट्रोबेन्झिनचा हिशेब आजच्या भावानं केला गेला आणि त्यात रसायनी हरली. टेट्रॉक्साइडचा हिशेब ‘उद्या मिळालंच नाही तर’ या भीतीनं केला गेला आणि त्यात रसायनी जिंकली. पहिला हिशेब चुकीचा होता असं मी म्हणत नाही, तोटा खराच होता. पण नायट्रोबेन्झिनलाही दुसरा हिशेब लावून पाहायला हवा होता, असं मात्र मला ठामपणे वाटतं.

कारण तीन वर्षंसुद्धा जायची होती. करोनाची साथ आली आणि ३ मार्च २०२० रोजी भारतानं २६ औषधं आणि औषधद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली. त्यात पॅरासिटामॉल होतं. आपण जगाला गोळ्या पुरवतो, पण गोळीत घालायच्या औषधद्रव्यांच्या आयातीचा साधारण दोन-तृतीयांश भाग चीनमधून येतो. पॅरासिटामॉल करायला पॅरा-अमिनोफिनॉल लागतं, आणि ते करण्याची एक वाट नायट्रोबेन्झिनपासून सुरू होते. वुहानचे कारखाने थांबले तेव्हा मुंबईतल्या औषधकंपनीला जे कळलं, तेच त्याच आठवड्यांत पॅरिसमध्येही कळत होतं. युरोपातला पॅरासिटामॉलचा शेवटचा कारखाना फ्रान्समध्ये रुसियोंला होता, ऱ्होडिया कंपनीचा. तो २००८ मध्ये बंद झाला होता. जून २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी पॅरासिटामॉलचं उत्पादन फ्रान्समध्ये परत आणायचं जाहीर केलं, आणि सेकेन्स या कंपनीनं त्याच रुसियोंमध्ये नवा कारखाना उभारायला घेतला. माल विकत घ्यायची हमी सानोफी आणि युप्सा यांनी दिली. बंद केल्यावर बारा वर्षांनी, सरकारी पैसा घालून, तेच औषध, तेच गाव.

आपल्याकडेही २०२० मध्ये औषधद्रव्यांसाठी ६९४० कोटींची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना आली. तिच्या ४१ नावांच्या यादीत पॅरा-अमिनोफिनॉल आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये चीनमधून येणाऱ्या ॲनिलिनवर सहा महिन्यांसाठी डंपिंगविरोधी शुल्क बसवावं लागलं. देशातल्या उत्पादकांना वाचवायला. रसायनीचा ॲनिलिनचा प्लांट तोवर उरलेला नव्हता.

एचओसी आजही आहे, पण ती कोचीला. रसायनीत तिचं नाव सगळ्यात ठळक वाचायला मिळतं ते पिल्लई एचओसी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फलकावर. कारखान्याशेजारी वाढलेल्या त्या आवारात आज खालापूर-कर्जतची पोरं इंजिनिअर होतात. ज्यांच्या शेतजमिनी साठच्या दशकात ‘कारखान्यासाठी’ गेल्या, त्यांच्या घरांत एक प्रश्न धगधगत असतो. जमीन ज्या कामासाठी दिली ते काम संपलं, तर तिच्यावर आमचा काहीच शब्द नाही का? ६१८ कोटींच्या हिशेबात या प्रश्नाला रकाना नव्हता, आणि तो असायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. नव्या मालकाच्या प्रकल्पात या घरांतल्या मुलांना पहिला हक्क मिळावा, एवढी मागणी तर वाजवीच आहे.

रसायनी स्टेशनवरून दिवा-रोहा मार्गाची गाडी आपटा, पेण करत रोह्याला जाते. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत साधना नायट्रो केम या कंपनीनं प्रोत्साहन योजनेखाली पॅरा-अमिनोफिनॉल करायला घेतलं. सुरुवात नायट्रोबेन्झिनपासून होते. त्यासाठी बेन्झिन लागतं, आम्लांचं मिश्रण लागतं, आणि तापमान हाताबाहेर जायच्या आधी पंपाचा बदललेला आवाज ऐकू येणारा एक माणूस लागतो.